गेमिंग कॉम्प्युटर सुटे पार्ट घेऊन जोडू की तयार आणू? साठ हजार आहेत, गाव यवतमाळ जिल्ह्यात

डीपीजवळचं घर

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, घरापासून डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) चाळीस पावलांवर. दिवसा सेवा केंद्र चालवतो: सातबारा, आठ-अ, पीकविम्याचे फॉर्म, लोकांचे आधारचे प्रिंट. केंद्रातला कॉम्प्युटर २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट २०२५ च्या ऑक्टोबरात संपला आणि हा गडी विंडोज ११ काही घेत नाही. म्हणजे नवीन घेणं आलंच. मग मनात आलं, घेतोच आहे तर असा घेऊ की दिवसा फॉर्म चालतील आणि रात्री गेम. वय २६. लग्न जमायचं आहे, आणि ते गेममुळेच जमत नाही असं आईचं मत आहे.

पैशाचं असं आहे. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता, पण माझ्या कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला आणि खरेदी केंद्रावरून गाडी परत आली. शेवटी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, ७,२०० ने नऊ क्विंटल दिला. ६४,८०० आले, त्यातले साठ हजार यासाठी. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "पऱ्हाटीचे पैसे डब्यात घालून रायला."

फुल एचडी मॉनिटर आहे. खेळायचं म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलं तर रेड डेड रिडेम्प्शन २. आता पर्याय ऐका. ऑनलाइन एक तयार डबा दिसतो २८ हजारांत: "आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड", वरून रंगीत पंखे. जिल्ह्याच्या ठिकाणचा एक दुकानदार ५८ हजारांत जोडून देतो म्हणतो. पॉवर सप्लाय कोणत्या कंपनीचा, विचारलं तर म्हणे, "चांगलाच टाकतो ना भाऊ." आणि तिसरा मी स्वतः. आजवर प्रिंटर चार वेळा खोलला, तीन वेळा परत बसला.

काय करू?

हिंजवडीत अडकलेला

भाऊ, मी मूळ पुसदचा, म्हणून सांगतो. सरळ गेमिंग लॅपटॉप घे. लाइट गेली तरी चालत राहतो, जोडाजोडीची कटकट नाही, काही झालं तर सर्व्हिस सेंटर आहेच.

पऱ्हाटीवाला

हिंजवडीवाल्या भाऊ, सर्व्हिस सेंटर तुमच्याकडे हाय, आमच्याकडे नागपूर दीडशे किलोमीटर हाय. अन् गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर टाकला की ग्राफिक्सचा जोर निम्म्यावर येते, तेही तासाभरात आटपते. त्यात मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी ४१-४२ डिग्री रायते. एवढ्याशा पातळ डब्यात ती गरमी जाईन कुठं?

आता डीपीवाल्या भाऊ, पयले त्या २८ हजारवाल्या मालाचं. आय७ म्हणते, पण कोणत्या पिढीचा? खाली बारीक अक्षरात पाह्य. २६०० नाहीतं ३७७० निघन. तो २०११-१२ चा माल हाय, तुया केंद्रातल्या आय३ पेक्षाही जुना. कार्ड बहुतेक जीटी ७३० रायते, ते २०१४ चं. विंडोज ११ ले इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाह्यजे. म्हणजे ज्याच्यासाठी नवीन घेऊन रायला तेच काम होणार नाई. बियाण्याची थैली घेताना लॉट नंबर अन् तारीख पाह्यतो ना आपण? बोंडाचा फोटो तं सगळ्याच थैल्यांवर मोठा रायते.

माहं सांगतो. राळेगावकडचा कास्तकार हाय मी. २०२० मध्ये दुकानातून जोडून आणला होता, आत काय हाय ते विचारलंच नाई. पावसाळ्यात एका रात्री आमच्या डीपीवर न्यूट्रलची तार तुटली. न्यूट्रल सुटला की आपलं घर दोन फेजच्या मधात सापडते अन् २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येते. गल्लीतले टीव्ही गेले, फ्रिज गेले, अन् माह्या डब्यातून फाट्दिशी आवाज आला. पॉवर सप्लाय गेला, जाता जाता मदरबोर्डही घेऊन गेला. खोलून हातात धरला तं रिकाम्या काडेपेटीवाणी हलका. वरतून स्टिकर ५०० वॉटचं! दुकानदार म्हणे व्होल्टेजनं गेलेलं वारंटीत बसत नाई.

तवापासून ठरवलं का आता आपणच जोडाचा. २०२३ च्या दिवाळीत जोडला. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर साडेबारा हजार, आरएक्स ६६०० कार्ड २१ हजार, १६ जीबी रॅम ३,६००, अन् पॉवर सप्लाय मुद्दाम ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, ५५० वॉटचा, ४,२०० चा. बोर्ड, एसएसडी, कॅबिनेट धरून बरोब्बर ५५ हजार. पार्ट तालुक्याच्या कुरिअरवाल्याकडे येऊन पडले, आमच्या पिनकोडले तो येतच नाई. तीन चकरा झाल्या फटफटीनं.

रात्री जेवण झाल्यावर पाटावर मांडून बसलो. अकरा वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. रॅम काढली, पुसली, दोन्हीकडून टक् आवाज येईपर्यंत दाबली. काळाच. कार्ड काढून परत बसवलं. काळाच. साडेबारा झाले, पोटात गोळा आला, ५५ हजार गेले म्हणून. बायको पाणी प्याले उठली. उभ्या उभ्या मागून पाह्यलं अन् म्हणे, "हे वायर त्या खालच्या भोकातही जाते ना?" एचडीएमआय मी बोर्डाच्या भोकात घातली होती. ५६०० ले सोताचं ग्राफिक्सच नाई, त्या भोकातून काय दिसणार? वायर कार्डाच्या भोकात लावली अन् पडद्यावर उजेड पडला. आजही पाहुण्यारावळ्यात हाच किस्सा सांगते ती.

पण मुद्दा ऐक. गावात डबा बंद पडला तं खोलणार कोण? तूच. मंग बिघडल्यावर पयल्यांदा खोलण्यापेक्षा नवा असतानाच खोल.

अन् कापूस घरात भरतो का तू? आमच्याकडे भाव येईपर्यंत समोरच्या खोलीत भरला रायते. त्याची उड, म्हणजे बारीक तंतू, डोळ्याले दिसत नाई, पण दोन महिन्यात पंख्यामागची जाळी अशी भरली का बोटानं काढली तं वात वळता आली. आई म्हणे, ही देवाजवळ नको लावू. आता पुढच्या पंख्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून लावलं, महिन्याले धुतो. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवजो. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नको, तिच्यात पाणी अन् तेल रायते. कूलरच्या तोंडासमोर तं डबा ठेवूच नको.

यूपीएस ६०० व्हीएचा घेशील तं फसशील. तो ३६० वॉटचा रायते, अन् गेम चालू असताना असा डबा अडीचशे-तीनशे ओढते, मॉनिटर वेगळा. १००० व्हीएचा घे. अर्ध्या भरलेल्या फॉर्मवर ओटीपी आला अन् लाइट गेली, हे तुले मी काय सांगू?

सहा वर्षं बर्डीच्या काउंटरवर

पऱ्हाटीवाल्या दादांचं बरंचसं पटलं, पण भाव जुने आहेत. नागपूरच्या सीताबर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानात सहा वर्षं काढली, आता स्वतःचं दुरुस्तीचं काम करतो. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही चढल्या आहेत. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी तिकडे वळते आहे. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. दादांनी ३,६०० ला घेतलेली रॅम आज दुपटीच्या वर आहे. तोच संच साठ हजारांत बसवायला गेलात तर नेमका पॉवर सप्लायवर हात आखडता घ्याल. गिऱ्हाईक नेहमी तिथंच वाचवतं, मी रोज पाहिलं आहे.

म्हणून माझं वेगळं मत. कार्ड आत्ता घेऊच नका. रायझेन ५ ५६००जी घ्या, 'जी' पाहून घ्या, त्यात ग्राफिक्स आतच असतं. बोर्ड बी५५०, रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी लावली तर आतलं ग्राफिक्स लंगडतं, कारण ते रॅममधूनच खातं. व्हॅलोरंट मजेत चालेल, जीटीए ५ साध्या सेटिंगवर चालेल, रेड डेडसाठी थांबावं लागेल. पॉवर सप्लाय मात्र ५५० चा आजच घ्या. पुढच्या वर्षी कापूस वाळवून विका आणि कार्ड घाला. खोट इतकीच की ५६००जी ची कॅशे (प्रोसेसरची आतली मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे आणि कार्डासाठी पीसीआयई ३, म्हणजे जुन्या पिढीचाच जोड मिळतो. पुढे कार्ड घातल्यावर थोडा फरक राहील. तुमच्या मॉनिटरवर तो डोळ्यांना खुपणार नाही.

व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात. दोन्ही बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये मिळतात. त्यासाठी दुकानदाराला पैसे देऊ नका.

आणखी एक, इथं दादांशी माझं जमत नाही. पार्ट ऑनलाइन मागवू नका. बोर्ड मेलेला निघाला तर तुमच्या पिनकोडवरून परत पाठवण्यात महिना जातो. एक दिवस काढून नागपूरला जा, काउंटरवरच जोडून चालू करून पाहा, पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. घरी येऊन हवं तर सगळं उकला आणि पुन्हा जोडा, म्हणजे हात बसेल. पुढे कधी कार्ड घातलेला डबा एसटीतून न्यायची वेळ आली तर कार्ड काढून वेगळं मांडीवर घ्या. आपल्या रस्त्यांवर स्लॉट उचकटलेले बोर्ड मी कितीतरी पाहिले.

डीपीजवळचं घर

५६००जी ठरलं. दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

एक विचारायचं राहिलं. आत्ताच्या कॉम्प्युटरला अनवाणी हात लावला की बोटांना मुंग्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. हे नव्यालाही होईल का?

रिटायर वायरमन

पोरा, गेमचं मला काही समजत नाही, नातू वाचत होता म्हणून लिहितो. ३४ वर्षं खांबावर काढली. मुंग्या येतात म्हणजे तुझ्या घराला अर्थिंग नाही, किंवा असून मेलेली आहे. पॉवर सप्लायमध्ये थोडा करंट पत्र्यावर सोडायची सोय असते, त्यानं जमिनीत जायचं असतं. वाट नसली की तो तुझ्यातून जातो. नवा डबा आणला तरी तेच होईल.

खेड्यात एक वाईट खोड आहे, ती करू नको. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला न्यूट्रलचाच तुकडा जोडून देतात आणि सांगतात अर्थिंग झाली. वर त्या भावानं लिहिलं तसा न्यूट्रल तुटला तर अख्खा पत्राच जिवंत होतो. आधी सॉकेट खोलून तेवढं पाहा, मेन स्विच पाडून.

मग खड्डा घ्या. जीआय पाइप (जस्त चढवलेला लोखंडी), दीड इंची, अडीच मीटर लांब, खाली भोकं पाडलेला. भोवती मीठ आणि कोळसा, थरावर थर. तुमची जमीन काळी असेल तर ओली असेपर्यंत फार चांगली, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइप मोकळा होतो. म्हणून वरचं तोंड उघडं ठेवून पाणी टाकत राहायचं. जोडणी आणि तपासणी लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घे, स्वतः खांबाकडे जाऊ नको.

पऱ्हाटीवाला

काका, माह्या पाइपात तं दोन उन्हाळे पाणीच टाकलं नाई. आज संध्याकाळीच टाकतो.

डीपीजवळचं घर

सॉकेट खोललं. काका म्हणाले तेच निघालं, न्यूट्रलचा तुकडा. वायरमन परवा येतो म्हणाला, नागपूरला त्यानंतरच जाईन.

बाबांना म्हटलं, कॉम्प्युटरसाठी अडीच मीटर खड्डा खोदायचा आहे. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग गोठ्यातून टिकास घेऊन आले आणि विचारलं, "कुठं?"