लसावि 'लघुतम' असून मसाविपेक्षा मोठा कसा?

प्रश्न:
मुलगी सहावीत आहे. काल तिनं १२ आणि १८ चा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) ३६ काढला, मसावि (महत्तम सामाईक विभाजक) ६, दोन्ही बरोबर, आणि मग विचारते आई लघुतम म्हणजे सगळ्यात लहान ना, मग तो एवढा मोठा कसा आणि महत्तम एवढासा कसा? मला रीत येते, मूळ अवयव पाडून वगैरे, पण हे काही नीट सांगता येईना. शिवाय शाब्दिक उदाहरण आलं की कुठे काय काढायचं यात ती दरवेळी अडते.

उत्तर १:
ताई, प्रश्न एकदम योग्य आहे तिचा. ती 'लघुतम' आणि 'महत्तम' एवढंच ऐकतेय, पुढचे 'विभाज्य' आणि 'विभाजक' सुटतायत. विभाजक संख्येला निःशेष भागतो, तो तिच्याहून मोठा असूच शकत नाही. विभाज्य म्हणजे पाढ्यातली संख्या, ती वरवरच जाते. तिला पाढे एकाखाली एक लिहायला सांगा, १२, २४, ३६, ४८, ६०, ७२ आणि खाली १८, ३६, ५४, ७२, आणि जुळतील त्यांना गोल. ३६, ७२, मग १०८, ही यादी संपतच नाही, म्हणून सगळ्यात मोठा कुठला हे विचारताच येत नाही, पहिला जुळलेला विचारतात. विभाजकांचं उलटं, सामाईक फक्त १, २, ३, ६, त्यात सगळ्यात लहान कायम १ च येणार मग तो विचारून काय मिळणार!

उत्तर २:
शाब्दिक उदाहरणात 'जास्तीत जास्त' दिसलं की मसावि असं पाठ करून घेऊ नका प्लीज, पोरं फसतात. उत्तर दिलेल्या संख्यांहून लहान यायला हवं की मोठं, हे आधी विचारा. ८४ सेमी आणि १२६ सेमीच्या दोन फिती, काही न उरता सारख्या लांबीचे तुकडे, शक्य तितके लांब. तुकडा फितीहून लांब कसा होईल? म्हणजे मसावि, ४२ सेमी. लसाविसाठी मला सिकाडा किडे फार आवडतात, अमेरिकेत त्यांच्या काही झुंडी दर १३ वर्षांनी जमिनीतून वर येतात आणि काही दर १७ वर्षांनी, त्यामुळे अशा दोन झुंडी एकदा एकत्र आल्या की परत थेट २२१ वर्षांनी. २०२४ मध्ये अशा दोन आल्या होत्या, त्याआधी १८०३ मध्ये.

उत्तर ३:
पडताळा पण शिकवा. १२ × १८ = २१६ आणि ६ × ३६ पण २१६. पण हे दोनच संख्यांना चालतं हां, ४, ६, १० घेऊन बघा, गुणाकार २४० आणि लसावि ६० गुणिले मसावि २ म्हणजे १२०.

प्रश्न विचारणारी:
पाढे लिहिल्यावर लगेच कळलं तिला, खूप आभार! आता म्हणते ८ आणि १५ मध्ये सामाईक काहीच नाही, मग मसावि शून्य लिहू का?

उत्तर १:
नाही नाही, १ लिहायचा, तो दोघांनाही भागतोच की. अशा जोडीला सहमूळ संख्या म्हणतात, आणि त्यांचा लसावि सरळ गुणाकार, १२०.