भरलेलं दवाखान्याचं बिल क्रेडिट रिपोर्टवर का राहावं?

कोलंबसकर
ओहायोतल्या कोलंबसमधून लिहितोय. नोव्हेंबर २०२३मध्ये धाकटा सायकलवरून पडला, कोपर मोडलं. इमर्जन्सी, एक्स-रे, रात्रीच ऑपरेशन. हॉस्पिटलचं बिल आलं, भरलं, विषय संपला असं धरून चाललो. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ग्रुपचं बिल वेगळं होतं, आणि ते आमच्या जुन्या अपार्टमेंटवर जात राहिलं. आम्हाला कळलं ते थेट कलेक्शन एजन्सीचं, म्हणजे थकलेली बिलं वसूल करणाऱ्या कंपनीचं, पत्र आल्यावर. ८१२ डॉलर. घाबरून त्याच दिवशी फोनवर डेबिट कार्डाने भरून टाकले.

आता घरकर्जाचं प्री-अप्रूव्हल (पूर्वमंजुरी) काढायला गेलो, तर लोकांच्या देण्याघेण्याची नोंद ठेवणाऱ्या तीन क्रेडिट ब्यूरोंपैकी एकाच्या रिपोर्टवर ‘कलेक्शन, पेड, बाकी शून्य’ अशी ओळ. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांनी १ जुलै २०२२पासून भरलेली मेडिकल कलेक्शन्स रिपोर्टवरून काढली आहेत. मग माझीच का राहिली? पैसे दिले, ओळ गेली पाहिजे. त्यासाठी ‘मेहरबानी करून नोंद काढा’ अशी हात जोडून ‘गुडविल’ पत्रं लिहायची माझी तयारी नाही. तुमचं काय मत?

खतावणी
उलटं बोलतो, राग मानू नका. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. चुकीची नोंद दुरुस्त करतात, खरी नोंद खोडत नाहीत. बिल थकलं हे खरं, नंतर भरलं हेही खरं, दोन्ही लिहिलंय. घर बदललं की टपाल वळवून घेणं आपलं काम. क्रेडिट कार्डाचं थकवून भरलं तरी डाग सात वर्षं राहतो, मग दवाखान्याचं तेवढं सोवळ्यातलं का?

रात्रपाळी
मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे म्हणून बोलते. खतावणीकाका, कार्ड आपण आपल्या हाताने खिशातून काढतो. पोराचा हात लोंबकळतोय आणि आई भूलवाल्याचा दर विचारतेय, असं कधी पाहिलंत? एका रात्रीची चार पाकिटं येतात: हॉस्पिटल, सर्जन, रेडिओलॉजी, भूल. त्यात विमा कंपनीच्या कागदावर ठळक छापलेलं असतं, ‘हे बिल नाही’. लोक तो बाजूला टाकतात. पुढे खरं बिल येतं, दिसायला तसंच. तेही त्याच गठ्ठ्यात जातं. यात उधळेपणा कुठे आला?

पण कोलंबसकर, तुमचंही चुकलं. फोनवर लगेच भरायचं नसतं हो! पत्र आल्यापासून ३० दिवसांत लेखी मागता येतं की हे कर्ज माझंच आहे याची पडताळणी द्या. तोवर वसुली थांबवावी लागते. आकार बरोबर आहे का, विम्याने आपला वाटा दिला का, हे आधी बघायचं. धर्मादाय हॉस्पिटलचं स्वतःचं बिल असेल तर पहिल्या बिलापासून २४० दिवस आर्थिक मदतीचा अर्जही करता येतो.

कोलंबसकर
मान्य. पण कलेक्शन हा शब्द वाचला आणि हातपाय गार पडले. आमच्याकडे ‘देणं ठेवू नये’ हे बाळकडूच.

तिखटमीठ
मी तर म्हणते क्रेडिट कार्डावर टाकून मोकळं व्हायचं. पॉइंटही मिळतात.

रात्रपाळी
अजिबात नको! कार्डावर टाकलं की ते मेडिकल देणं उरतच नाही, साधी कार्डाची थकबाकी होते. मग वर्षभराची सवलत नाही, ५०० डॉलरखालची सूटही नाही.

खतावणी
सवलतींवरूनच बोलतो. कोलंबसकर, तुम्ही हक्क असल्यासारखं लिहिलंय. २०२२चा निर्णय कायदा नव्हता, तीन खासगी कंपन्यांनी आपणहून घेतलेलं धोरण होतं. न भरलेलं बिल वर्षभर न दाखवणं त्यातलंच, आणि एप्रिल २०२३मध्ये ५०० डॉलरखालची काढली तीही तशीच. कायद्याच्या जवळ जाणारा नियम सीएफपीबीने (ग्राहकांच्या आर्थिक हितासाठीची सरकारी संस्था) जानेवारी २०२५मध्ये केला, सगळीच मेडिकल बिलं रिपोर्टबाहेर ठेवायचा. जुलैत टेक्सासच्या फेडरल न्यायालयाने तो रद्द केला, आणि तोवर खुद्द सीएफपीबीच नियमाच्या विरोधात जाऊन बसली होती. म्हणजे मर्जी आहे तोवर आहे. मर्जीवर घर बांधू नका.

कोलंबसकर
हा मुद्दा लागला. तरी मर्जीने का होईना, शब्द दिलाय ना? मग पाळा.

लालफीत
तत्त्वं राहू द्या, ओळ का राहिली ते बघा. बहुतेक वेळा एजन्सीने खातं मेडिकल म्हणून नोंदवलेलंच नसतं. ‘अमुक असोसिएट्स’ असं नाव पाठवलं की ब्यूरोच्या यंत्राला ते भूलतज्ज्ञ की फर्निचरवाले, काय कळणार? अशा वेळी डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर लेखी हरकत, टाकायचा. रिपोर्टची प्रत, एजन्सीची पावती, मूळ बिल आणि बँकेतली ८१२ डॉलरची ओळ. ब्यूरोला एक संच, एजन्सीला एक, दोन्ही सर्टिफाइड मेलने. ब्यूरोला साधारण ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं.

दोन गोष्टी सांभाळा. ‘हे माझं नाहीच’ असा रकाना निवडू नका, ते खोटं आहे. आणि लोन ऑफिसरला आधी सांगा, कारण उघडा डिस्प्यूट दिसला की घरकर्जाची फाइल अडकू शकते.

खतावणी
हे पटलं. नोंदच चुकीच्या खात्यात पडली असेल तर ती दुरुस्ती झाली, खोडाखोड नव्हे.

पेठकरीण
पुण्यातून एक शंका. इथे हॉस्पिटलचं बिल थकलं तर सिबिलवर येतं का?

लालफीत
थेट येत नाही, तिथे बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्याच माहिती देतात. पण हॉस्पिटलच्या काउंटरवर ‘सोपा हप्ता’ म्हणून सही केलीत तर ते कर्ज आहे, आणि ते येतं. पूर्ण न भरता तडजोड केलीत तर ‘सेटल्ड’ असा शेराही लागतो.

रात्रपाळी
आणि कोलंबसकर, स्कोअरची फार धास्ती घेऊ नका. स्कोअर काढायच्या पद्धतींपैकी फायको ९ आणि त्यापुढची मॉडेलं भरलेली कलेक्शन्स मोजतच नाहीत. अडचण एवढीच की घरकर्जवाले वर्षानुवर्षं जुन्या आवृत्त्यांवर बसलेत.

कोलंबसकर
अपडेट देतो. लालफीत म्हणाले तसंच निघालं. एजन्सीने खातं ‘इतर’ म्हणून नोंदवलं होतं. ब्यूरोचं पत्र एकविसाव्या दिवशी आलं, दोन ओळींचं: नोंद काढली. माफी वगैरे काही नाही.

खतावणी
अभिनंदन. मत माझं तेच आहे. थकवलेलं लपवून ठेवलं तर कर्ज देणारा तो धोका सगळ्यांच्याच व्याजात घालणार.

रात्रपाळी
काका, तुम्हाला एकदा आमच्या काउंटरवर बसवते.
कोलंबसकर, पत्ता सगळीकडे बदललात ना?

कोलंबसकर
चार ठिकाणी वेगवेगळे फोन करावे लागले. हॉस्पिटलकडे बदललेला पत्ता बाकीच्यांकडे जातच नाही! रेडिओलॉजीकडे आज सकाळपर्यंत जुनाच होता.