शनिवारी रात्री घरच्यांसमोर ‘कोर्ट’ लावावा का?

फोंड्याचा प्रेक्षक
परवा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा बघितला. माझं मत ठाम झालंय: शनिवार-रविवारसाठी पैसे मोजून एकच सिनेमा ऑनलाइन भाड्याने घ्यायचा असेल, तर असाच घ्यावा. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आणि त्याचा खटला. पण सिनेमा मला भिडला तो कोर्टाबाहेर. सरकारी वकीलबाई लोकलने घरी येतात, पोराला आणतात, स्वयंपाकाला लागतात. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात, तिथे परप्रांतीयांच्या विरोधातल्या संवादांना टाळ्या पडतात. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी. कुठे बघायचं ते आपण ठरवायचं.

वर्गणी भरलेल्या अ‍ॅपवर आमचा अर्धा तास यादी चाळण्यातच जातो. भाड्याचा सिनेमा साधारणपणे ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केला की ४८ तासांत संपवायचा असतो. त्यामुळे तो नीट बसून बघितला जातो.

म्हापशेकर
अजिबात पटलं नाही. शुक्रवारी बाजाराची गर्दी, आठवडाभराचा शिणवटा, आणि शनिवारी दिवाणखान्यात आई, बायको, मुलं एकत्र. तिथे कॅमेरा हलत नाही याचं कौतुक कोणाला? आमच्याकडे लावला होता. थोड्या वेळात मुलं उठून गेली, आई म्हणाली, “हे सगळे नुसते तारखाच घेत राहणार काय रे?” सिनेमा वाईट नाही, पण तो एकट्याने बघायचा. घरासाठी ‘किल्ला’ घ्या. वडील गेलेला मुलगा, आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला. समुद्र, पाऊस, सायकली, सगळं आपल्या ओळखीचं. मित्र त्याला किल्ल्यात एकटं सोडून जातात तिथे माझा धाकटा मला चिकटून बसला होता.

पणजीची सिनेमावेडी
इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ मध्ये गोव्यात आला, तेव्हापासून दर नोव्हेंबरला जमेल तितकं बघते. अनोळखी माणसांनी भरलेल्या अंधारात संथ सिनेमा सहज पचतो. घरात कुकर, फोन, शेजारी. म्हणून म्हापशेकर बाब, तुमचं म्हणणं कळतं, पण ‘किल्ला’सुद्धा काही धावत नाही हो! मग तो चालतो आणि ‘कोर्ट’ नाही, हे कसं? माझं मत तिसरंच. गोव्यात बसून आपण आधी कोंकणी सिनेमा शोधावा. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा ‘पलतडचो मनीस’ (२००९) बघा: जंगलात एकटा राहणारा वनरक्षक, त्याने आसरा दिलेली वेडी बाई आणि त्यावर उठलेला गाव. टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालेला सिनेमा, आणि आपल्याकडे किती घरांत बघितला गेला?

म्हापशेकर
ताई, ‘किल्ला’ संथ आहे, मान्य. पण त्यात मुलाला धरून ठेवायला एक मुलगा आहे. ‘कोर्ट’मध्ये त्याने कोणाचं बोट धरायचं? आणि ४८ तासांचं म्हणाल, तर आमच्या वाड्यावर पावसाळ्यात लाईट गेली की रविवार दुपारपर्यंत पत्ता नसतो. पैसे बुडतात ते वेगळेच.

फोंड्याचा प्रेक्षक
लाईटचा मुद्दा बिनतोड. बाकी नाही. तारखांवर तारखा पडतात, हे तुमच्या आईंनी बरोबर ओळखलं. मग त्यांना सिनेमा कळला नाही असं कसं म्हणता? बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, तो प्रसंग आमच्याकडे सुरू असताना सासरे म्हणाले, “कोर्टाची शिस्त नको का?” त्यावर मुलीने त्यांना जे प्रश्न विचारले! सिनेमा थांबवावा लागला, जेवणं लांबली. घरात आजोबा आणि नात इतकं बोलतात कधी? मला कुटुंबाने मिळून बघायचा सिनेमा म्हणजे हाच वाटतो.

म्हापशेकर
तुमची मुलगी मोठी आहे, माझी पोरं लहान. फरक तिथेच आहे. माझी पोरं कॉलेजला जाऊ लागली की ‘कोर्ट’ आणीन. या शनिवारी ‘किल्ला’च पुन्हा, आईला दाखवायचाय.

फोंड्याचा प्रेक्षक
जरूर दाखवा. सिनेमातल्या मुलाच्या आईवर तिच्या ऑफिसात येणारा दबाव तुमच्या आईंना कसा वाटला ते इथे लिहा. त्या आईच्या भूमिकेतल्या अमृता सुभाषचं काम मुलांच्या कामापेक्षा वरचढ आहे असं मी म्हणतो, आणि त्यावर भांडायची माझी तयारी आहे.