बॉयलरवर थर्मिऑनिक डायोड: हिशोबात कुठं चुकतंय?

अंबाजोगाईकर: परळीसारखा कोळशाचा बॉयलर धरा. ज्वाला १६०० अंश, वाफ ५४० लाच. तापमानाच्या मधल्या उतारावर सेशियमची वाफ भरलेला थर्मिऑनिक डायोड (तापलेल्या धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून थेट वीज देणारं साधन) बसवायचा हिशोब करतोय. टंगस्टनचा एमिटर (इलेक्ट्रॉन सोडणारी गरम बाजू) १८०० केल्विनला, वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ४.५ ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तापमान न् वर्क फंक्शनवरून करंट सांगणाऱ्या रिचर्डसनच्या सूत्रातून चौरस सेंटीमीटरला ०.०००१ अँपिअरच येतो. चूक कुठंय? आणि ज्वालेपासून एमिटर वाचवायला कवच कशाचं घ्यावं?

निर्वात: सूत्र बरोबरय, ४.५ चुकीचा. तो कोरड्या टंगस्टनचा. सेशियमचा थर बसला की एमिटर २.७ च्या आसपास चालवता येतो, कलेक्टर (इलेक्ट्रॉन झेलणारी थंड बाजू) १.६ ला. पण १८०० केल्विन म्हणजे १५२७ अंश! उष्णता आत ढकलायला ज्वाला दीडशे-दोनशे अंशांनी वर लागते. १७०० केल्विन धरा: चौरस सेंटीमीटरला ३.४ अँपिअर. व्होल्टेज २.७ वजा १.६, त्यातून मधल्या प्लाझ्माचे (आयनित सेशियम वाफेचे) ०.५ गेले, उरले ०.६. म्हणजे चौरस सेंटीमीटरला २ वॅट. १०० चौ.सेंमी.चा डायोड ३४० अँपिअर देईल, तेही अर्ध्या-पाऊण व्होल्टवर. लीड (वीज बाहेर नेणारी तार) बारीक केली तर तिथंच वीज जळते, जाड केली तर एमिटरची उष्णता तिच्यातून पळते. १ मेगावॉटला असे ५००० डायोड लागतील, मोजून घ्या.

भट्टीवाला: उघडं टंगस्टन ज्वालेत टिकत नाही, ऑक्साइड होऊन उडतं. बाहेर सिलिकॉन कार्बाइड, मधे ग्रॅफाइट, आत टंगस्टन असं तिहेरी कवच. ग्रॅफाइट नसेल तर कार्बाइड न् टंगस्टनची आपसात रासायनिक क्रिया होते. खरी अडचण राखेची. आपल्या कोळशात ती ३५-४० टक्के, वितळून चिकटली की कार्बाइडवरचा सिलिकाचा संरक्षक पापुद्राच विरघळवते. म्हणून चाचणी आधी गॅस बर्नरवर घ्या, कोळसा नंतर.

अंबाजोगाईकर: करंट हळूहळू पडत असेल तर?

निर्वात: आधी सेशियमची टाकी बघा, डायोडला वाफ तिथूनच मिळते. २८० अंशांला वाफेचा दाब साधारण १ टॉर (हवेच्या दाबाचा ७६०वा भाग). आतला दाब सगळ्यात थंड जागा ठरवते, त्यामुळं टाकीपेक्षा थंड कोपरा राहिला की सेशियम तिथंच जमतं. व्होल्टेज एकदम शून्य झालं तर एमिटर-कलेक्टरमधली ०.२५ मिमीची फट वाकून मिटली असंल. सील शुद्ध अ‍ॅल्युमिना-नायोबियमचंच घ्या, सिलिका असलेल्या सिरॅमिकला सेशियम खातं. आणि हो, सेशियम २८.५ अंशांनाच वितळतं. मे महिन्यात आपल्याकडं ते अँप्यूलमधे (काचेच्या बंद कुपीत) पाण्यासारखं हलतंय म्हणून घाबरू नका, पण फुटलं तर हवेतच पेटतं. जवळ पाणी ठेवूच नका, कोरडी वाळू ठेवा.