१९६७ ची एमजीबी: किती मूळ ठेवायची, किती दुरुस्त करायची? (सोलापूर)

होटगी_रोड
गाडी एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९६७. चेसिस नंबर जीएचएन३ चा, इंजिन १८जीबी, १७९८ सीसी. बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. रंग कारखान्याचाच, विटलाय पण पापुद्रे सुटलेले नाहीत. उजव्या दाराखालचा सिल (दाराखालची आडवी पत्र्याची पेटी) खालून कुजलाय, स्क्रू-ड्रायव्हर आत जातो. ब्रेक सोडला तरी पुढचं डावं चाक धरून राहतं. वायरिंग अजून पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. गॅरेजवाले म्हणतात, सगळी उघडू, पत्रा, रंग, वायरिंग, अल्टरनेटर एकदमच करून टाकू. दुसरे म्हणतात, हात लावला की गाडीची किंमत गेली. पुढे व्हिंटेज नोंदणीही करायची आहे. नेमकं काय करावं?

बी_सिरीज
"सगळी उघडू" म्हणणाऱ्याला आधी थांबवा. एमजीबीचं जवळजवळ सगळं आजही नवं मिळतं. अख्खी बॉडी शेलसुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून काढली आहे. मिळत नाही तो कारखान्यातला रंग, तो एकदा घासला की गेला. त्यामुळे रंगाला हात नाही, ब्रेकला मात्र दयामाया नाही.

चाक धरतंय ते बहुधा ब्रेकच्या रबरी होजमुळे (तेलाची नळी). होज आतून फुगतो, पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत यायला वाट राहत नाही. तपासायचं असेल तर चाक उचला, ब्रेक दाबून सोडा आणि कॅलिपरचा (चाकावरचा ब्रेकचा चिमटा) ब्लीड निपल, म्हणजे तेल-हवा सोडायचा स्क्रू, ढिला करा. चाक सुटलं तर दोष होजचा किंवा मागे मास्टर सिलिंडरचा (पेडलने तेल दाबणारा मुख्य पंप), तरीही धरलं तर कॅलिपरचा पिस्टन जाम. तुमच्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे, एक होज फुटला की चारही चाकांचा पायाचा ब्रेक गेला. पुढचे दोन, मागचा एक, तिन्ही होज आणि सगळी सील नवी टाका, तेल डॉट ४. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतलं गोल भोक) खड्डेदार निघाला तर फेकू नका. एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) बसवून मूळ मापाला होन, म्हणजे आतून घासून गुळगुळीत, करून घ्या. कास्टिंग मूळचं राहतं आणि ब्रेकही लागतो.

इंजिन उघडायची घाई नको. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ मिली तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हाताने वीतभर ढकला. फिरलं तर २०डब्ल्यू-५० तेल, नवा फिल्टर, आणि प्लग न लावताच स्टार्टर मारा, ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत. गरम इंजिनला चालताना ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५ मिळालं आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलं, तर खालचा भाग उघडायचं कारणच नाही. फटींची मापं: टॅपेट इंजिन थंड असताना ०.०१५ इंच, पॉइंट ०.०१५, प्लग ०.०२५.

अँबॅसेडरवर हात बसलेला मिस्त्री मिळाला तर उत्तम. दोन्ही इंजिनं बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजची, स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हीचा ८८.९ मिमी. पण अँबॅसेडरच्या १४८९ सीसीचा बोअर ७३ मिमी आणि क्रँकला तीन बेअरिंग, तुमचा बोअर ८०.२६ आणि बेअरिंग पाच. पिस्टन-क्रँक "बसवून देतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा. पाने इंची घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना लावला की नट गोल झालाच म्हणून समजा.

पत्रा_वेल्डिंग
रंगाचं बरोबर आहे, पण सिल तसाच ठेवता येणार नाही. एमजीबीला वेगळी चेसिस नसते, बाहेरचा सिल, आतला सिल आणि खालची कॅसल रेल हे तीन पत्रे मिळून गाडीचा कणा होतो. त्यातला एक कुजला की दार खाली बसायला लागतं.

नेहमीची चूक म्हणजे मधोमध जॅक लावून सिल कापणे. बॉडी वाकते, दाराची फट बदलते आणि नवा सिल त्याच वाकड्या मापात वेल्ड होतो. मग दार कायमचं नीट बसत नाही. आधी दाराच्या पुढच्या-मागच्या खांबांमध्ये चौकोनी नळी टॅक करा. वजन पुढे-मागे सस्पेन्शनवरच राहू द्या. फट वर, मध्ये, खाली मोजून लिहून ठेवा आणि दर टाक्यानंतर परत मोजा. एका वेळी एकच पत्रा कापायचा. पुढचं मडगार्ड बोल्टचं आहे, ते काढलं की सिलचं पुढचं टोक दिसतं. मागचं वेल्डचं आहे, तिथे खालचा कोपरा लागेल तेवढाच कापा.

कुजक्यावर नवा पत्रा चढवून "झालं बघा मालक" म्हणणारे भरपूर. चुंबक घेऊन जा, पुट्टीवर तो धरत नाही. शेवटी आत मेण फवारा आणि खालची पाण्याची भोकं मोकळी करा. आपल्याकडची धूळ त्यात बसते, धुलाईचं पाणी आत साठतं, आणि सिल आतून जातो. रंग सिलपुरताच, दाराची खालची कड ही हद्द.

बारा_व्होल्ट
पॉझिटिव्ह अर्थ राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. सी४० डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीच्या काळातलं वीज बनवणारं यंत्र) २२ अँपिअर देतो, दिवे आणि वायपरला पुरतो. फक्त बॅटरीवाल्याच्या डोक्यावर उभे राहा, तो सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावतो आणि आरपीएम मीटर जळतो. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी एका खणात १२ व्होल्टची एक बसते, पुन्हा मूळ करायला अर्धा तास.

फ्यूजकडे लक्ष द्या. लुकासच्या फ्यूजवरचे ३५ अँपिअर म्हणजे उडण्याचा आकडा, सलग क्षमता १७ च. बाजारातला सलग ३५ चा काचेचा फ्यूज टाकला तर फ्यूज शाबूत आणि वायर वितळलेली. मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) असाच जातो.

होटगी_रोड
आभार. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च मिळतं, त्याचं काय? आणि एप्रिल-मेमध्ये इथे ४२-४३ अंश असतं.

बी_सिरीज
पेट्रोलचे जुने होज सगळे काढा, इथेनॉल सोसणारे, एसएई ३०आर९ लिहिलेले लावा. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) व्हायटन रबराच्या टोकाची घ्या. शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन लीन (पेट्रोल कमी पडून) चालेल. आधी दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचे जेट नट एकेक फ्लॅट (नटची एक बाजू) खाली घेऊन प्लगचा रंग बघा, तरी पांढरेच आले तर जेटमधली नीडल रिच, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी, घ्या. जेटमधली मूळ नीडल पाकिटात नाव लिहून ठेवा. इथेनॉल ओल ओढतं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. टाकीचा वरचा पत्राही बघा, त्यावर माती बसून तो वरूनच कुजतो.

उन्हासाठी कार्ब्युरेटरमागची हीट शील्ड जागेवर हवी आणि थर्मोस्टॅट ८२ ऐवजी ७४ चा. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको.

आरसी_बुक
नोंदणीचं: २०२१ च्या नियमानुसार गाडी ५० वर्षांवरची, मूळ रूपातली आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली हवी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो. पण नंतर रोजच्या वापराला गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच. रोज बाजारात न्यायची असेल तर आधी विचार करा.

सिल कापण्याआधी, कापताना आणि नंतर फोटो काढा, कापलेला तुकडाही ठेवा. चेसिस नंबरची पट्टी बॉनेटखाली आतल्या मडगार्डवर असते आणि इंजिन नंबरची ब्लॉकवर, दोन्ही रिव्हेटच्या. ब्लॉक धुवायला किंवा बोअर करायला गेला की पट्टी हरवते, म्हणून तिची पेन्सिल प्रिंट आजच घेऊन ठेवा.