ओसाकात एकच संध्याकाळ, सोबत शाकाहारी आईबाबा

नमस्कार मंडळी,
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून आईबाबा येतायत, क्योतो झालं की एक रात्र ओसाकात काढणार आहोत. दोतोनबोरीचे, म्हणजे तिथल्या कालव्याकाठच्या बाजाराचे, लाईट त्यांना दाखवायचेच आहेत. पण दोघं पक्के शाकाहारी, अंडंही नाही, आणि बाबांचे गुडघे दुखतात. कुणी घरच्या मोठ्यांना नेलंय का तिकडे? जेवायला कुठे न्यायचं?

---

दादा, नमस्कार. आम्ही कोबेला राहतो, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ओसाका फिरवून आणतो म्हणून लिहितेय. जेवण आणि दोतोनबोरी वेगळं ठेवा. तिथे पावलोपावली खायचे स्टॉल, त्यामुळे वाटतं काहीतरी मिळेलच, पण ताकोयाकीत ऑक्टोपस, ओकोनोमियाकीच्या (कोबीच्या जाड धिरड्याच्या) पिठात अंडं आणि बहुतेक वेळा माशाचं दाशी म्हणजे सूप, उदोन (जाड नूडल्स) नुसत्या भाज्यांचं मागवलं तरी रस्सा कात्सुओ माशाचाच. कुशिकात्सुमध्ये (काडीला लावून तळलेले तुकडे) कांदा, कमळकाकडी, भोपळा सगळं मिळतं पण तळायचं तेल मांस-मासे तळतात तेच. आई विचारणार "यात काय आहे रे" आणि तुम्ही प्रत्येक दुकानात फोनवर ट्रान्सलेट करत बसणार, भुकेल्या माणसांना घेऊन हे करू नका प्लीज. दोतोनबोरीला लागूनच असलेल्या नांबा भागाच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत, त्यातलं एक आधीच फोन करून ठरवा, अंडं नको हेही तेव्हाच सांगा.

सुरुवात उमेदा स्काय बिल्डिंगपासून करा. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, तेव्हा साडेपाचपर्यंत वर पोचा. 1993 ची इमारत, 173 मीटर उंच, दोन टॉवर वरच्या टोकाला जोडलेत आणि शेवटचा टप्पा त्यांच्या मधून अधांतरी जाणाऱ्या एस्कलेटरने, काचेतून खाली सगळं दिसतं. योदो नदीवरचे पूल आणि त्यामागे बुडणारा सूर्य, मला अख्ख्या ओसाकात याहून सुंदर काही वाटत नाही. फक्त ओसाका स्टेशनपासून दहाएक मिनिटं चालायला लागतं, बाबांसाठी टॅक्सी घ्या. मग उमेदाहून मिदोसुजी लाईनने नांबा, दहा मिनिटंही लागत नाहीत. एस्कलेटरवर इथे उजवीकडे उभं राहतात हं, टोकियोच्या उलट.

जेवण झालं की होझेनजी देवळात नक्की न्या. दोतोनबोरीच्या मागेच दगडी फरशीची अरुंद गल्ली आहे, तिथे फुदो म्योओ या बौद्ध देवतेची मूर्ती, लोक तिच्यावर पळीने पाणी घालून नमस्कार करतात आणि त्या पाण्याने मूर्तीवर इतकं शेवाळ चढलंय की चेहरासुद्धा हिरवागार झालाय. दुसऱ्या महायुद्धात देऊळ जळलं, मूर्ती वाचली. आईंना शंकराला पाणी घातल्यासारखं वाटेल, माझ्या सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या.

---

ताईंनी सगळं लिहिलंच आहे, फक्त गुडघ्यांसाठी एक. दोतोनबोरीत रात्री गर्दीतून चालवू नका, कालव्यात वीस मिनिटांची बोट असते तिने न्या. बसल्याबसल्या ग्लिको या गोळ्या-बिस्किटांच्या कंपनीच्या पाटीवरच्या धावणाऱ्या माणसाखालून जाता येतं, ती पाटी 1935 पासून आहे, आत्ताची सहावी, 2014 ची एलईडीवाली. हा कालवा 1615 मध्ये पुरा झाला, यासुई दोतोनने सुरू केला म्हणून त्याचं नाव, बाबांना इतिहासाची आवड असेल तर सांगा. वीकेंड असेल तर बोटीचं तिकीट जेवायला जायच्या आधीच काढून ठेवा, आणि हॉटेल नांबातच घ्या म्हणजे रात्री परत उमेदापर्यंत जायला नको.