प्लांटर (तळव्यावर रेघ ओढून अंगठा वर जातो की खाली ते बघायची चाचणी) तपासताना पेशंट पाय ओढून घेतो, मग अंगठा वर म्हणायचा की खाली?

इंटर्न, ग्रामीण रुग्णालय
काल वॉर्डात ऊसतोड करणारे एक काका दाखल झाले, वय पन्नाशीचं. दीड महिन्यापासून पाय जड पडतात, चप्पल निसटली तरी कळत नाही म्हणतात. गुडघ्याचे जर्क (हातोडीने ठोकल्यावर पायाला बसणारे झटके) दोन्हीकडे जोरात. प्लांटरसाठी हॅमरची टोकदार बाजू ओढली की उजवा पाय अख्खा वर घेतात. डाव्या तळव्याला एवढी जाड, भेगाळलेली कातडी की काहीच हलत नाही. मी केसपेपरवर 'इक्विव्होकल', म्हणजे नक्की सांगता येत नाही, असं लिहिलं. सर म्हणाले, म्हणजे तू तपासलंच नाहीस. परत तपासायचं तर नेमकं कसं?

निवृत्त फिजिशियन
आधी ते टोक बाजूला ठेव. टोचलं की कोणीही पाय ओढणारच. मी आयुष्यभर स्कूटरची किल्ली वापरली.

काकांना उताणं झोपव. गुडघा सरळ, टाच कॉटवर, पाय सैल. तळवे गार असतील तर हातात धरून ऊब दे आणि काय करणार आहेस ते सांग. मग टाचेपासून, करंगळीच्या बाजूने सावकाश वर ये, चवड्यावरून आत वळ आणि अंगठ्याच्या अलीकडे थांब. नजर फक्त अंगठ्याच्या बुंध्यावर ठेव, कारण पहिली हालचाल कुठे झाली तेवढंच मोजायचं. बाकीची बोटं पसरली नाहीत तरी चालेल. ही खूण ज्यांच्या नावाने ओळखतात त्या बाबिन्स्कींनी 1896 साली पॅरिसमध्ये जे छोटं टिपण मांडलं ते बोटं वर उठण्याबद्दल होतं, बोटं पसरण्याचं त्यांनी 1903 मध्ये लिहिलं.

गुदगुल्यांनी पाय झटक्यात जातो आणि दर वेळी वेगळा जातो. खरा अंगठा, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या बिघाडाने उठणारा, हळूहळू उठतो, वरची शीर (कंडरा) दोरीसारखी ताणलेली दिसते आणि परत केलं तरी तसाच उठतो. सोबत पाय थोडा आखडला म्हणून ती खूण खोटी ठरत नाही, हेही लक्षात ठेव.

जाड तळव्याला चॅडॉक कर. बाहेरच्या घोट्याखालून, मागून पुढे करंगळीकडे रेघ ओढायची. तिथली कातडी मऊ असते. अनवाणी राबणाऱ्या माणसात मी पहिल्यांदा तेच करत आलो.

फिजिओथेरपिस्ट
ओपनहाइम, ही अंगठा बघायचीच आणखी एक पद्धत, शेवटी करा, नडगीवर दाबत खाली आलं की दुखतं आणि मग पेशंट पुढचं काही नीट करू देत नाही. क्लोनस (पावलाला लागोपाठ बसणारे ठोके) मात्र विसरू नका. गुडघा थोडा वाकवून पाऊल झटकन वर ढकला आणि तसंच धरून ठेवा. ठोके थांबतच नसतील तर उत्तर मिळालं.

एमडी मेडिसिन, दुसरं वर्ष
घोट्याचा जर्क कसा आहे? तो गेलेला आणि अंगठा वर, असं असेल तर बी 12 ची कमतरता मनात आण. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) पायाच्या बोटांवर लावून बघ.

इंटर्न, ग्रामीण रुग्णालय
आत्ता परत तपासून आलो. घोट्याचे जर्कही जोरात आहेत. बोटांवर फोर्कची थरथर कळत नाही. किल्लीने उजवा अंगठा सावकाश वर, तीनही वेळा. डाव्या तळव्यावर तसंच, काही नाही. चॅडॉक केलं आणि डावा अंगठा उठला, शीर स्पष्ट दिसली. उजवीकडे क्लोनस थांबेना. मग टाचणी घेऊन पायांकडून वर गेलो, बेंबीपर्यंत बोथट लागते, वर नीट. पाठीवर हात फिरवला तर मधला एक मणका बाहेर आलाय, दाबलं की कळवळतात. एमआरआय इथे होत नाही, सोमवारी जिल्ह्याला पाठवायचं ठरलंय.

निवृत्त फिजिशियन
मणक्याचा टीबी असू शकतो, मज्जारज्जूवर दाब आहे हे तर तू दाखवलंसच. लघवीचं विचारलंस का?

इंटर्न, ग्रामीण रुग्णालय
विचारलं सर. चार दिवसांपासून जोर द्यावा लागतोय, थेंबथेंब होते. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही म्हणाले.

निवृत्त फिजिशियन
मग सोमवार कसला? आज रात्रीच पाठव. कॅथेटर घाल, फळीवर सरळ झोपवूनच गाडीत ने, आणि दोन्ही अंगठे वर आहेत हे रेफरन्स चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिही. आधी सरांना फोन लाव.